मेकॅनिकलचा विद्यार्थी ते मुळशीचा सेनापती

सेनापती बापट रोड आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतो. पुण्यातला माहीत असतो कारण तिथे कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि कधी ना कधी तिथे इंटरव्ह्यूला जायचं असतं. मुंबईतला माहीत असतो कारण दादरला उतरलं की तो लागतोच. पण हे सेनापती नेमके कोणत्या सैन्याचे, असं होस्टेलच्या रूममध्ये विचारून बघा. कुणी पेशव्यांचे सरदार म्हणेल, कुणी आझाद हिंद सेनेचं नाव घेईल, आणि बाकीचे मेसची वेळ झाली म्हणून उठतील.

तर हे सेनापती आपल्याच जिल्ह्यातले, पारनेरचे. आणि आपल्याला आणखी जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे ते इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. शाखा मेकॅनिकल! त्यांच्या सैन्यात घोडे नव्हते की तोफा नव्हत्या. मावळात भातशेती करणारे शेतकरी, त्यांच्या बायका आणि पोरंबाळं, एवढंच ते सैन्य. आणि लढाई होती एका धरणाविरुद्ध.

इथेच आपण नगरवाले जरा थबकतो. धरणाविरुद्ध लढाई? आपल्याकडे तर धरण म्हणजे देवच. भंडारदऱ्याचं पाणी आलं म्हणून प्रवराकाठी ऊस आला, मुळा धरणाचं पाणी आलं म्हणून राहुरी-नेवासा हिरवं झालं. मग इंजिनिअरिंग शिकलेला माणूस धरणाच्या आड का गेला? त्याला विकास कळत नव्हता का? याचं उत्तर शोधायला त्यांचं सगळं आयुष्य नीट बघावं लागतं.

पारनेर, नगर, एडिंबरो

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. घराणं मूळचं कोकणातलं, परिस्थिती बेताची. पारनेर हा पावसाची वाट बघण्यात हयात जाणारा तालुका. पुढे पाण्यासाठी आणि पाण्याविरुद्ध माणसं कशी झगडतात हे ज्याने पाहिलं, त्याचं बालपण असं कोरड्या गावात गेलं.

वयाच्या बाराव्या वर्षी ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. घरातलीच माणसं आजारी पडली आणि मॅट्रिकची परीक्षा लांबली. शेवटी नगरला मावशीकडे राहून त्यांनी मॅट्रिक केलं, तेही असं की संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. १९०० साली डेक्कन कॉलेजात प्रवेश, मग बी.ए. आणि १९०४ साली मंगलदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन थेट स्कॉटलंड. एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग.

आज आपल्यातला कुणी एम.एस.ला गेला तर गावात बोर्ड लागतो. त्या काळी पारनेरचा मुलगा बोटीने विलायतेला जाऊन यंत्रं शिकतो आहे, ही केवढी गोष्ट असेल! परत येऊन गलेलठ्ठ पगाराची नोकरी ठरलेलीच होती. पण बापटांनी तिथे इंग्रजी राज्याने हिंदुस्थानची काय दशा केली यावर जाहीर भाषण केलं. त्याचा बोभाटा झाला आणि शिष्यवृत्ती बंद पडली. म्हणजे थोडक्यात, एक भाषण आणि करिअर संपलं. डिग्री अर्धवट राहिली ती राहिलीच.

बॉम्बकडून झाडूकडे

शिष्यवृत्ती गेल्यावर ते लंडनच्या इंडिया हाऊसच्या मंडळींत ओढले गेले. श्यामजी कृष्ण वर्मा, सावरकर यांचा तो गोतावळा. तिथून पॅरिस. बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांच्यासोबत रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकायची, हा उद्योग. १९०८ साली ती माहितीपुस्तिका घेऊन बापट परत आले. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला, बापटांचं नाव पोलिसांकडे गेलं आणि ते भूमिगत झाले. चारेक वर्षं असे रानोमाळ काढल्यावर १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले. पुरावा पुरेसा नव्हता, त्यामुळे सुटले आणि पारनेरला आले. मागे पोलिसांची नजर होतीच.

आता गंमत बघा. बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस गावात येऊन काय करतो? हातात झाडू घेतो. गल्ल्या झाडतो, गटारं उपसतो, संडास साफ करतो. १९१४ मध्ये मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची बसवली. पारनेरसारख्या गावात, एका ब्राह्मण घरात, १९१४ साली! गावात काय काय बोललं गेलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

पुढे ते पुण्याला आले. चित्रमय जगत, मग टिळकांचा मराठा, मग डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचं ऑफिस अशा नोकऱ्या केल्या. पण झाडू सुटला नाही. १९२० च्या सुमारास मुंबईत झाडूवाल्या कामगारांचा संप झाला, त्यात बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले.

हा झाडूचा भाग बरेच जण चरित्र सांगताना एका ओळीत उरकतात. साधी राहणी वगैरे म्हणतात. मला मात्र वाटतं की मुळशीची किल्ली इथेच आहे. गावाची घाण सगळे मिळून करतात, पण ती उचलायची कुणी हे आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याने उचलायची त्याला कुणी कधी विचारलेलं नसतं. सोय एकाची, ओझं दुसऱ्याचं, आणि निर्णय तिसऱ्याचाच. आज पर्यावरणीय न्याय असा भारदस्त शब्द आपण वापरतो. अमेरिकेत १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉरन काउंटीत काळ्या लोकांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरायचं ठरलं, तेव्हा लोक ट्रकांसमोर आडवे झाले आणि त्यानंतर हा शब्द जगभर गेला. पण त्यातला प्रश्न बापटांनी पारनेरच्या गल्लीत हातात धरला होता.

मुळशी : गणित बरोबर, पण...

आता मुळशीकडे येऊ. आधी एक खुलासा. राहुरीजवळ धरण आहे ती आपली मुळा वेगळी. ही मुळा पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते, पुढे मुठेला मिळते आणि मुळा-मुठा मिळून भीमेला मिळतात. तीच भीमा पुढे आपल्या श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांच्या कडेने, सिद्धटेकच्या गणपतीजवळून वाहते.

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो. ते पाणी निसर्गतः पूर्वेला, देशाकडे वाहतं. पण अगदी शेजारी पश्चिमेला कोकणाचा कडा आहे. म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी घाटमाथ्यावर अडवलं आणि बोगद्यातून पश्चिमेला सोडलं, तर ते एकदम सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं. आपल्या सेकंड इयरच्या भाषेत सांगायचं तर हेड ५०० मीटर! एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की साधारण १.३६ युनिट ऊर्जा मिळते, आणि टर्बाइन-जनरेटरमधलं नुकसान धरूनही एका युनिटच्या वर वीज हातात येते. टाटांनी हे गणित ओळखलं. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, मग भिवपुरीचं १९२२ साली. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज मिळू लागली. तिसरी योजना मुळशीची, नीला आणि मुळा यांच्या खोऱ्यात धरण बांधून पाणी कोकणात भिऱ्याला सोडण्याची.

इंजिनिअरिंग म्हणून ही योजना देखणी आहे, यात वाद नाही. मुंबईचा धूर कमी होणार होता, देशी भांडवलाचा उद्योग होता, स्वदेशीचा अभिमान होता. पण त्या सूत्रात पाण्याची घनता आहे, गुरुत्वाकर्षण आहे, प्रवाह आहे, उंची आहे. पाण्याखाली जाणाऱ्या पन्नासहून अधिक गावांसाठी त्यात कुठलंच अक्षर नाही. त्या गावांत भाताची खाचरं होती, आंबेमोहोर पिकत होता, देवळं होती, पिढ्यान्पिढ्यांची घरं होती.

गावकऱ्यांना ही योजना कळली कशी? कुणी येऊन सांगितली नाही. १९२० च्या सुमारास कंपनीची माणसं आली आणि शेतांत चाचणीसाठी चर खणायला लागली. परवानगी न घेता! आपल्या शेतात कुणी चर खणतंय म्हणून शेतकरी विचारायला गेला, तेव्हा त्याला कळलं की आपलं सगळं खोरंच बुडणार आहे. म्हणजे मुंबईत ठरलं, सरकारदरबारी ठरलं, नकाशे झाले, आणि ज्याचं शेत त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

कायदा काय म्हणत होता हे बघितलं तर आपण थक्क होतो. जमीन संपादनाचा १८९४ चा कायदा खासगी कंपनीसाठीसुद्धा जमीन घेऊ देत होता. आणि त्या कायद्यात, १९२१ साली, जमीनमालकाला संपादनावरच हरकत घेऊन आपलं म्हणणं मांडण्याची सोयच नव्हती. पैसे किती एवढ्यावर तो भांडू शकत होता. जमीन घेऊ नका असं म्हणायला कलम नव्हतं. ते कलम, ५-अ, १९२३ च्या दुरुस्तीने आलं. कायदेमंडळात जाऊन बोलावं, तर तेव्हा मताचा हक्क शेतसारा आणि मिळकतीच्या मापाने मोजक्यांनाच होता. मावळातल्या गरीब कुळाला ना मत, ना हरकत. मग त्याच्याकडे बोलायला उरलं काय? स्वतःचं शरीर.

रामनवमी, १९२१

विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांना एकत्र केलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजारावर माणसं, त्यात बाया आणि पोरंही, धरणाच्या कामावर जाऊन बसली. काम थांबलं! जीव देऊ पण जमीन देणार नाही, अशा अर्थाची घोषणा खोऱ्यात घुमू लागली. महात्मा गांधींनीही त्या वर्षी यंग इंडियामध्ये लिहून कंपनीला लोकांच्या इच्छेचा मान राखण्याची विनंती केली. काही काळ काम बंद राहिलं.

पण ती थांबणूक तात्पुरती होती. काम पुन्हा सुरू झालं आणि डिसेंबर १९२१ पासून सत्याग्रहही. लोक कामाच्या जागी जायचे, बसायचे, मार खायचे, पकडले जायचे. पकडलेल्यांची जागा घ्यायला दुसरी तुकडी तयार. काळकर्ते शिवरामपंत परांजपे यांच्यासारखे वयस्कर आणि नामवंत लेखकही या सत्याग्रहात तुरुंगात गेले. या सगळ्याचं नेतृत्व हळूहळू बापटांकडे आलं, आणि लोकांनीच त्यांना सेनापती म्हणायला सुरुवात केली. ती पदवी कुठल्या सरकारने दिलेली नाही. मावळ्यांनी दिली आहे.

तेव्हा बापट चाळिशीत होते. नुकतंच पत्नीचं निधन झालं होतं. घरी लहान मूल. नोकरी म्हणावी अशी नोकरी नाही. आणि मुळशीत त्यांची स्वतःची गुंठाभरही जमीन बुडत नव्हती. तरी ते गेले, आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले.

हरलो कुणामुळे?

मुळशीचा सत्याग्रह हरला. धरण झालं, १९२७ साली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं, आणि आज मुळशीला आपण पावसाळ्यात कणीस खायला जातो. पण तो कसा हरला हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. नुसतं इंग्रज सरकार आणि भांडवलदार असं म्हणून सुटता येत नाही.

खोऱ्यातली बरीचशी जमीन कागदावर होती पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावावर. कसत होती कुळं. सुरुवातीला सगळे विरोधात होते. पण सरकारने संपादन पक्कं केल्यावर जमीनदारांनी हिशेब केला. पाण्याखाली जाणारी जमीन म्हणजे त्यांच्यासाठी एक रक्कम होती. रक्कम चांगली मिळत असेल तर भांडायचं कशाला? पुण्यातल्या पुढाऱ्यांचाही एक गट मोबदल्याच्या वाटाघाटीकडे वळला. बापट आणि त्यांच्यासोबतची मंडळी मात्र धरणच नको या मुद्द्यावर राहिली. शेवटी पैसे मिळाले ते कागदावर ज्याचं नाव त्याला. कुळाच्या हातात काय आलं? घाम त्याचा, घर त्याचं, गाव त्याचं, पण सातबाऱ्याच्या भाषेत तो कुणीच नव्हता.

म्हणजे मुळशीच्या कुळाला दोनदा विचारलं गेलं नाही. एकदा कंपनीने आणि सरकारने. दुसऱ्यांदा आपल्याच बाजूच्या मोठ्या लोकांनी. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. परक्याने डावललं तर माणूस लढतो. आपल्याच माणसाने त्याच्या वतीने सही केली, तर लढायचं कुणाशी?

बापट मात्र मागे हटले नाहीत. उलट त्यांचा मार्ग जास्त आक्रमक होत गेला. माणूस मारायचा नाही, पण कामाची मोडतोड करायला हरकत नाही, असं त्यांचं मत बनलं होतं. गांधीजींना हे पटणारं नव्हतं. सुरुवातीची त्यांची सहानुभूती पाठिंब्यात उतरली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी पाच साथीदारांसह धरणाच्या कामाकडे जाणारी रेल्वेगाडी अडवली, तीही हातात शस्त्रं घेऊन. सात वर्षांची शिक्षा झाली. ती १९३१ पर्यंत भोगली.

या शेवटच्या पावलाचं समर्थन करावं का? माझं प्रामाणिक मत, करू नये. त्या गाडीत कामावर जाणारे गरीबच होते. आणि हजार माणसं बसून काम थांबवत होती ती ताकद, सहा जण हत्यार घेऊन उभे राहिल्यावर उरली नाही. लोकांचा लढा होता तो काही धाडसी माणसांचा झाला. पण हेही लक्षात घ्या की विचारण्याचे सगळे दरवाजे बंद केले की शेवटी दार मोडणारा माणूस पुढे येतो. दोष नुसता मोडणाऱ्याचा नसतो.

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर सविस्तर पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. म्हणजे नर्मदेच्याही साठेक वर्षं आधी हे सगळं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडून गेलं होतं, आणि त्याचा सेनापती पारनेरचा होता.

पुढचं आयुष्य

१९३१ ला सुटले, तर त्याच वर्षी भाषणांबद्दल पुन्हा अटक, पुन्हा लांबलचक शिक्षा. सुटका १९३७ साली. मग निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या नागरी हक्कांच्या चळवळीत. मग सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

इथे बहुतेकांची चरित्रं संपतात. स्वातंत्र्य मिळालं, आता सत्कार, आता समिती, आता खुर्ची. बापटांचं तसं झालं नाही. १९५५ च्या मे महिन्यात, वयाच्या पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, नानासाहेब गोरे यांच्यासोबत सत्याग्रहींच्या तुकडीत ते गोव्यात शिरले, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी कौन्सिल हॉलवर जो मोर्चा गेला, त्याच्या अग्रभागी पुन्हा सेनापती बापट. ज्या राज्यात आपण राहतो ते कसं असावं हे लोकांना विचारून ठरवा, ही ती मागणी. बघा, धागा तोच आहे. मुळशीत शेतकऱ्याला विचारा, संस्थानात प्रजेला विचारा, मुंबईत मराठी माणसाला विचारा. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. तोवर हातातला झाडूही बराच काळ टिकला होता असं त्यांना पाहिलेले लोक सांगत आले आहेत.

आपण इंजिनिअर, आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि थेट आहे. मुळशीतला तो पहिला चर कुणीतरी इंजिनिअरच्याच सांगण्यावरून खणला होता. आपणही सर्व्हे कॅम्पला जातो. टोटल स्टेशन खांद्यावर घेऊन कुणाच्या तरी बांधावर उभे राहतो, ज्वारीतून चेनेज मारतो, खुंट्या ठोकतो. शेतकरी येऊन विचारतो, बाळांनो, काय मोजताय? आणि आपण म्हणतो, काही नाही काका, कॉलेजचं आहे. तो बिचारा तरीही घाबरलेला असतो. आपल्याला हसू येतं. पण त्याच्या आजोबाने असाच एक चर बघितला असेल, किंवा भावकीतल्या कुणाची जमीन अशाच खुंट्यांनंतर गेलेली असेल.

आपल्या जिल्ह्यातही बघा. भंडारदऱ्याचं धरण १९१० ते १९२६ मध्ये, म्हणजे मुळशीच्याच काळात झालं. पाणी उतरलं खाली प्रवराकाठी, आणि बुडाली ती वरची, अकोल्याच्या डोंगरातली आदिवासींची जमीन. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. त्या पाण्यावर माझ्यासारख्या कितीतरी घरांची शिक्षणं झाली. पण उसाच्या पैशातून फी भरताना वरच्या गावाची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

कायदा मात्र बदलला आहे, आणि तो आपोआप बदललेला नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला मानला जातो. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची परवानगी घेण्याआधी जनसुनावणी घ्यायची पद्धत १९९७ पासून आली. २००६ च्या अधिसूचनेने तिचे नियम पक्के झाले. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी असं आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या कायद्याने बाधित कुटुंबात कुळं, वाटेकरी, शेतमजूर यांनाही धरलं. मुळशीचं ते कागदावर नसलेलं कूळ, नव्वद वर्षांनी कागदावर आलं! अर्थात पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी दुरुस्त्या करून काही प्रकल्पांना या अटींतून सूट दिली. तेव्हा मिळालेली जागा कायमचीच असते असं नाही.

आणि नुसता कायदा पुरत नाही. जनसुनावणी म्हणजे मांडव, पाण्याच्या बाटल्या, इंग्रजी स्लाइड आणि मागच्या रांगेत जांभया देणारे लोक, एवढंच झालं तर तो सोपस्कार होतो. उलट बाजूही आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळते. बापटांच्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी, नगर तालुक्यातलं हिवरेबाजार. तिथे पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडला गेला. पाऊस किती पडला, गावाला किती लागणार, मग कोणतं पीक घ्यायचं, हे लोकांनी बसून ठरवलं. तिथेही मतभेद झाले असतील, पण प्रश्न लोकांसमोर आला आणि मग निर्णय झाला. बंधारा कुणीही बांधून देईल हो. तो टिकतो तो गावाने ठरवलेला असला तर.

उद्या आपल्यातलेच कुणी जलसंपदा खात्यात जातील, कुणी रस्त्याच्या कंपनीत, कुणी सोलरच्या. माळरानावर पॅनल बसवायचे असतील, हायवेची अलाइनमेंट टाकायची असेल, एमआयडीसीचं सांडपाणी कुठल्या ओढ्याला सोडायचं ते ठरवायचं असेल. त्या वेळी ड्रॉइंगवर सही करण्याआधी एवढं बघा की या रेषेखाली कोण राहतं. जमिनीचा मालक कोण हे तलाठ्याकडे कळेल. पण ती कसतो कोण, तिथे गुरं कोण चारतं, त्या ओढ्याचं पाणी कोण पितं, हे गावात गेल्याशिवाय कळत नाही. आणि त्यांना काम सुरू झाल्यावर सांगू नका. ठरायच्या आधी विचारा. नाही म्हणाले तर नकाशा पुन्हा उघडा. खर्च थोडा वाढेल, वेळ जाईल. पण पारनेरच्या एका अर्धवट शिकलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरने सात वर्षं तुरुंगात घालवून जो धडा शिकवला, तो आपल्याला चार वर्षांत आणि फुकट मिळतोय.

पुढच्या सुट्टीत घरी गेलात तर एक काम करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, यातल्या ज्या दिवशी गावात ग्रामसभा असेल, तिला जाऊन बसा. मागे उभे राहू नका, सतरंजीवर बसा. आणि विषयपत्रिकेत पाण्याचा, जमिनीचा, कचऱ्याचा काही विषय आला, तर ज्याच्यावर त्याचा भार पडणार आहे तो माणूस तिथे आहे का, एवढं एक उठून विचारा.